खांबावाचून मुक्काम: ॲरिझोनातल्या एका आरव्हीच्या बॅटरीचा हिशेब

प्रकरण असं. बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार. छपरावर प्रत्येकी 200 वॉटची दोन पॅनेल, पुढच्या दांडीवर 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-तासांच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या, 2000 वॉटचा इन्व्हर्टर आणि सोबत एक लहान जनरेटर. ठिकाण ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट, महिना जानेवारी. दिवसभर लख्ख ऊन, तरीही रात्र पुरी निघत नाही. राहणारी माणसं दोन, माझी मावशी आणि काका, दोघंही साठीच्या पुढची. काकांचा श्वास झोपेत अडकतो, म्हणून ते रात्री सीपॅप मशीन लावून झोपतात. त्यामुळे बॅटरी संपली की नुसता अंधार होऊन भागत नव्हतं. काका दचकून उठायचे आणि पुढची झोप गेलेली असायची.

मी पुण्यात घरांवर सोलर बसवण्याची कामं करतो. ॲरिझोनाची आणि आपली घड्याळं साडेबारा तासांनी मागेपुढे. तिथे सकाळचे सात वाजायचे तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. माझं काम उरकलेलं असायचं आणि त्यांची रात्र नुकतीच संपलेली असायची, त्यामुळे रोजचे आकडे घेणं सोयीचं पडलं. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण तिथे आजूबाजूच्यांनी दिलेला जवळपास प्रत्येक सल्ला काहीतरी विकत घेण्याचा होता: आणखी पॅनेल बसवा, लिथियम बॅटरी घ्या, मोठा जनरेटर आणा. कोणीही विचारलं नाही की रात्रीत नेमकी किती वीज लागते. ते मोजल्याशिवाय या प्रश्नाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे, आणि हे प्रकरण त्याचाच दाखला आहे.

जागा आणि ऊन

क्वार्ट्झसाइट हे फिनिक्सच्या पश्चिमेला सुमारे 200 किलोमीटरवर, इंटरस्टेट 10 वरचं छोटं गाव. कॅलिफोर्नियाची हद्द जवळच. भोवतालची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे आणि ला पोसा भागात 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना काढून दीर्घ मुक्काम करता येतो. पाणी भरायची आणि सांडपाणी ओतायची सोय आहे. विजेचा खांब नाही. थंडीत उत्तरेकडच्या बर्फातून सुटका करून घेणारे हजारो लोक इथे आरव्ही घेऊन येतात, त्यात निवृत्त माणसं पुष्कळ.

वाळवंट म्हटलं की ऊन भरपूर असणार असं वाटतं. पण क्वार्ट्झसाइटचा अक्षांश 33.7. जानेवारीच्या मध्यावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 35 अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो 50 अंशांवर असतो. छपरावर सपाट झोपवलेल्या पॅनेलला ते ऊन इतकं तिरकं लागतं की दहा तासांच्या दिवसातून हाती येतं ते पूर्ण उन्हाच्या सव्वातीन तासांइतकं. शिवाय तिथलं घड्याळ सूर्याच्या पुढे चालतं, सूर्य माथ्यावर येतो पाऊण वाजता. सकाळी नऊपर्यंत पॅनेलमधून दखल घेण्याजोगं काही येत नाही आणि साडेचार-पाचला संपतं. म्हणजे बॅटरीने एकटीने काढायची रात्र सोळा तासांची. हा सोळाचा आकडा पक्का डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली रात्र: इन्व्हर्टरवर अख्खा ट्रेलर

यापूर्वी दोघं नेहमी खांब असलेल्या कॅम्पग्राउंडवर राहिलेली. तिथे ट्रेलरची जाड पिवळी केबल खांबाला जोडली की घरच्यासारखं सगळं चालतं. क्वार्ट्झसाइटला खांब नाही, तेव्हा काकांनी तीच केबल ॲडॅप्टर लावून इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये घातली. घरातला प्रत्येक प्लग जिवंत झाला. रात्री अकराला सगळं बंद.

काकांच्या बाजूने हे अगदी सरळ होतं. लोडशेडिंगच्या वर्षांत पुण्यातल्या त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता. तो कायम चालू ठेवायचा, लाईट गेली की घर त्याच्यावर जायचं आणि लाईट आली की बॅटरी पुन्हा भरायची. त्या सवयीत एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे तीन-चार तासांनी महावितरणची लाईट परत येणार. क्वार्ट्झसाइटला ती येणार नव्हती.

पिवळी केबल इन्व्हर्टरवर गेली की दोन गोष्टी कोणाच्याही नकळत सुरू होतात. ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर आणि विजेवर असा दोन्ही तऱ्हेने चालणारा. त्याचं बटण ‘ऑटो’वर होतं. ऑटोवर असलेल्या फ्रिजला 120 व्होल्ट, म्हणजे अमेरिकेतली घरगुती वीज, दिसले की तो गॅस सोडून विजेवर येतो आणि सुमारे 300 वॉटची तापणारी पट्टी चालू करतो. 12 व्होल्टच्या बॅटरीतून त्याला 28 अँपिअरच्या आसपास लागतात. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. खांबाच्या विजेवर बॅटरी भरणारा कन्व्हर्टर ट्रेलरमध्येच बसवलेला असतो. त्यालाही 120 व्होल्ट मिळाले आणि तो बॅटरी भरू लागला, त्याच बॅटरीतून निघालेल्या विजेवर. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया, कन्व्हर्टरमध्ये आणखी थोडी. शंभर काढले तर पाऊणशे परत, आणि हे चक्र रात्रभर.

मी एवढंच सांगितलं: “काका, पिवळी केबल काढून गुंडाळून ठेवा. फ्रिज ऑटोवरून गॅसवर करा. इन्व्हर्टरला फक्त लागेल ती एक वस्तू थेट जोडा.” ते त्यांनी लगेच केलं. त्या रात्री बॅटरी अकराऐवजी पहाटे चारला संपली. सीपॅप बंद पडलं, फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, पंखा फिरेना म्हणून गॅस पेटेना, आणि बाहेर पाच अंश सेल्सिअस.

भिंतीवरचे चार दिवे

दुसऱ्या दिवशी मावशी फोनवर वैतागून म्हणाली, “अरे, पण संध्याकाळी भिंतीवर चारही दिवे लागलेले होते. फुल्ल दाखवत होतं.”

बहुतेक ट्रेलरमध्ये अशी पट्टी असते. बटण दाबलं की बॅटरी किती भरली ते लहान दिवे दाखवतात. खरं तर ते फक्त व्होल्टेज दाखवतात. पॅनेलवर ऊन असेपर्यंत, पॅनेलची वीज बेताने बॅटरीत सोडणारा कंट्रोलर बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा-चौदा व्होल्ट धरून असतो, त्यामुळे अर्धी रिकामी बॅटरीही ‘फुल्ल’ दिसते. लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज खरं सांगतं ते काही तास तिला कोणी भरत नसताना आणि तिच्यातून काही काढत नसताना. तेव्हा 12.7 म्हणजे भरलेली आणि 12.2 म्हणजे साधारण निम्मी. राहत्या ट्रेलरमध्ये असे निवांत तास मिळतच नाहीत. म्हणून पहिली आणि माझ्या मते एकमेव अत्यावश्यक खरेदी झाली ती शंटची. बॅटरीच्या ऋण टोकावर बसणारा हा पितळी ठोकळा आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो आणि आकडा मोबाइलवर दाखवतो.

तो बसवताना एक प्रसंग घडला तो जपून सांगायला हवा. शंट ऋण बाजूला बसतो म्हणून काकांनी पाना काळ्या तारेला लावला. मी व्हिडिओवर पाहत होतो. बॅटरीला दोन जाड काळ्या तारा आणि एक पांढरी, अशी जोडणी होती. आपल्याकडे काळी म्हणजे ऋण हे मनात इतकं बसलेलं असतं की कोणी तपासत नाही. अमेरिकन ट्रेलरमध्ये 12 व्होल्टची धन तार पुष्कळदा काळी असते आणि ऋण पांढरी, कारण तो रंगसंकेत घरातल्या 120 व्होल्टच्या तारांवरून आलेला आहे. मी काकांना थांबवलं आणि मीटर लावायला सांगितलं. काळी धनच निघाली. पान्याने धन टोक आणि ट्रेलरची लोखंडी चौकट एकदम शिवली असती तर पाना तिथेच लाल झाला असता. मग आधी सगळ्या ऋण तारा सोडवल्या, बॅटरीचं ऋण टोक शंटच्या एका बाजूला आणि बाकी सगळं, सोलर कंट्रोलरची ऋण तारसुद्धा, दुसऱ्या बाजूला घेतलं. एक जरी तार शंटला वळसा घालून बॅटरीवर थेट राहिली तरी हिशेब चुकतो.

बॅटरीची झाकणंही त्याच वेळी उघडून घेतली. दोन खणांतल्या पट्ट्या पाण्याच्या वर आलेल्या होत्या. डिस्टिल्ड वॉटर घालून त्या बुडवल्या. आणखी एक गोष्ट दिसली. दोन बॅटऱ्या समांतर होत्या, पण ट्रेलरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून निघत होत्या. त्यामुळे ती बॅटरी जास्त राबते आणि दुसरी मागे राहते. धन एका बॅटरीवरून आणि ऋण दुसरीवरून घेतली की दोघींवर ओझं सारखं येतं. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

रात्रीचा खर्च

शंट लागल्यावरच्या पहिल्या रात्री सोळा तासांत बॅटरीतून 128 अँपिअर-तास गेले. त्या दोन बॅटऱ्यांची मूळ क्षमता 200. पण महिनोन्‌महिने अर्धवट भरत राहिल्यामुळे आणि पाणी उतरल्यामुळे ती 160 च्या आसपासच उरली असावी, असा माझा अंदाज. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली नेऊ नये असं आपण सांगतो, ती इथे रोज तळापर्यंत खरवडली जात होती.

128 कुठे गेले ते शोधायला एक संध्याकाळ पुरली. मावशी मोबाइलवरचा आकडा मोठ्याने वाचायची आणि काका एकेक गोष्ट बंद करायचे. “सात पूर्णांक एक.” फर्नेसचा ब्लोअर. “बंद केला? हो, आता दोन पूर्णांक सहा.” मग इन्व्हर्टर बंद झाला आणि आकडा 1.1 वर आला. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं, तो नुसता जागा होता आणि दीड अँपिअर खात होता. दिवा विझवला तरी 1.0 उरलेच. घरात एकही वस्तू चालू नाही आणि एक अँपिअर जातोय, याचं मावशीला फार आश्चर्य वाटलं. फ्यूज काढत गेल्यावर तो एक अँपिअरही उलगडला: फ्रिजचा कंट्रोल बोर्ड, गॅस गळती सांगणारा अलार्म, बंद असूनही घड्याळ दाखवणारा स्टिरिओ, आणि कपाटाच्या आत टीव्ही अँटेनाच्या बूस्टरचं छोटं बटण, ज्याचा हिरवा दिवा त्यांना कधी दिसलाच नव्हता.

सोळा तासांनी गुणल्यावर चित्र असं झालं. सीपॅप 44, कारण मशीन इन्व्हर्टरवरून चाललं होतं आणि त्याची पाणी तापवणारी टाकी आणि गरम नळी दोन्ही चालू होत्या. फर्नेस 35. नुसता जागा इन्व्हर्टर 24. न दिसणाऱ्या वस्तू 16. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून 9. ज्या दिव्यांवरून दोघं एकमेकांना टोकत होती, ‘बंद कर ना तो’, त्यांचा वाटा सगळ्यात कमी निघाला.

दिवसाचा वापर आणखी 20. एकूण खर्च दीडशेच्या जवळ. छपरावरच्या पॅनेलमधून येत होते 70, आणि जेवढे घालावेत तेवढे लेड-ॲसिड परत देत नाही, शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशीच हाती लागतात. हा तोटा लिथियमने भरून निघाला नसता. मोठी बॅटरी घेतली असती तर ती चार-पाच दिवस उशिरा रिकामी झाली असती, एवढाच फरक.

काय बदललं

सर्वांत मोठा फरक सीपॅपने पडला, आणि तिथे निर्णय माझा नव्हता. ज्या मशीनवर रात्रीचा श्वास अवलंबून आहे त्याच्याशी वीज वाचवण्यासाठी परस्पर खेळ करू नये. काकांनी डॉक्टरांना फोन केला. मशीनचा दाब जराही बदलायचा नाही, गरम नळी बंद केली तर चालेल, वाळवंटातली हवा कोरडी असल्याने टाकी मात्र अगदी कमीवर चालू ठेवा, असं ठरलं. इन्व्हर्टर मधून काढला आणि मशीनच्या कंपनीची 12 व्होल्टवर चालणारी केबल घेतली. या मशीनना बहुधा 24 व्होल्ट लागतात, ती केबल 12 चे 24 करते. 12 चे 120 आणि मग 120 चे पुन्हा 24 करण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. 44 चे 20 झाले.

इन्व्हर्टर आता मिक्सर लावायचा असेल तेव्हाच, तोही उन्हात. 24 चे शून्य. स्टिरिओचा फ्यूज काढून ठेवला, बूस्टरचं बटण बंद केलं. गॅसच्या अलार्मला हात लावायचा नाही हे मी बजावून सांगितलं, त्याचं खाणं अगदी थोडं आहे आणि काम मोठं. 16 चे 9 झाले. फर्नेसचा थर्मोस्टॅट रात्री 20 अंशांवरून 13 वर आणला. मावशीने पुण्याहून नेलेल्या दोन गोधड्या तोवर सोफ्यावर शोभेसाठी पडल्या होत्या, त्या अंथरुणावर आल्या. 35 चे 17. तिथे बरेच जण फर्नेसऐवजी विजेविना चालणारा गॅसचा हीटर रात्रभर लावून झोपतात. मी त्याला नकार दिला. बंद ट्रेलरमध्ये ज्योत जळत ठेवून झोपणं म्हणजे प्राणवायू कमी होण्याची आणि कार्बन मोनॉक्साइडची जोखीम उशाशी घेणं. 17 अँपिअर-तासांसाठी ती घेण्याचं कारण नाही.

रात्रीचा खर्च 128 वरून 55 वर आला. त्यासाठी विकत घ्यावा लागला एक शंट आणि एक केबल.

आता जमेची बाजू. दिवसरात्र मिळून खर्च 75 आणि येणार 70, त्यातही गळती. अजून थोडं हवं होतं. छपरावरची पॅनेल दक्षिणेकडे उभी कलवली असती तर भागलं असतं, कारण जानेवारीत 50 अंशांच्या आसपास कललेल्या पॅनेलला तिथे सव्वातीनऐवजी पाच-साडेपाच तासांचं ऊन मिळतं. पण त्यासाठी काकांनी रोज शिडी लावून छपरावर जायचं, आणि वाळवंटातला वारा सुटला की घाईने पुन्हा वर चढून पॅनेल आडवी करायची. साठी ओलांडलेल्या माणसाला हे सांगणं मला योग्य वाटलं नाही. त्याऐवजी जमिनीवर ठेवायचं, घडी होणारं 200 वॉटचं पॅनेल घेतलं. ते सकाळी आग्नेयेकडे, जेवणाच्या सुमारास दक्षिणेकडे आणि चहाच्या वेळी नैर्ऋत्येकडे फिरवायचं काम मावशीने स्वतःहून घेतलं. त्या एका पॅनेलमधून रोज साठच्या वर येऊ लागले, म्हणजे छपरावरच्या दोन पॅनेलना मिळून जवळजवळ गाठलं. इथे एक काळजी घ्यावी लागते. अशा पॅनेलला बहुधा स्वतःचा कंट्रोलर असतो. ते छपराच्या पॅनेलच्या तारेत घुसवलं तर दोन कंट्रोलर एकामागोमाग लागतात आणि काहीच नीट चालत नाही. त्याची जोडणी थेट बॅटरीकडे हवी, ऋण बाजू अर्थातच शंटमधून.

छपरावरच्या कंट्रोलरची सेटिंगही तपासली. ती बंदिस्त बॅटरीसाठीची, 14.1 व्होल्टची होती. पाणी घालायच्या बॅटरीला 14.6 ते 14.8 लागतात, आणि तेही काही तास सलग. थंडीत आणखी थोडे वर, कारण प्रत्येक अंश उतरला की 12 व्होल्टच्या बॅटरीला साधारण 18 मिलिव्होल्ट जादा हवे असतात. त्या बॅटऱ्यांची क्षमता घटायला ही सेटिंग बरीच जबाबदार होती, असं मला वाटतं.

ढगाळ दोन दिवस

खरी परीक्षा झाली ती दोन सलग ढगाळ दिवसांत. तिन्ही पॅनेल मिळून दिवसाला तीसच्या आसपास येत होते. काकांचा बेत होता की संध्याकाळी दिवे लागणीला जनरेटर लावून बॅटरी भरून घ्यावी. तिथे बहुतेकजण तेच करतात, कारण रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि सगळ्यांना झोपण्याआधी बॅटरी भरायची असते.

मी सकाळी लावायला सांगितलं. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी असते तेव्हा भराभर घेते. कन्व्हर्टर तिला 40 अँपिअर देऊ शकतो आणि ती ते घेते. ऐंशी टक्क्यांच्या पुढे ती हळू होते आणि उरलेला भाग भरायला तासन्‌तास लागतात. सकाळी आठ ते दहा जनरेटर चालवला तर पेट्रोलचं चीज होतं, आणि शेवटचा संथ टप्पा दिवसभराच्या अंधुक उन्हावर सोपवता येतो, त्याला तेवढंच पुरतं. संध्याकाळी लावला तर हाच संथ टप्पा जनरेटरच्या माथी येतो. पिवळी केबल या दोन तासांपुरती बाहेर आली, जनरेटरला लागली. जनरेटर ट्रेलरपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, खिडक्यांपासून लांब.

मग नियम सोपाच झाला. सकाळी आभाळ मोकळं असेल तर काही करायचं नाही. ढग असतील तर आकडा काहीही असो, आठ ते दहा जनरेटर. त्या दोन दिवसांतही सकाळचा आकडा 60 टक्क्यांच्या खाली गेला नाही. मोकळ्या दिवशी दुपारी दोन-अडीचपर्यंत बॅटरी भरण्याच्या वरच्या व्होल्टेजपर्यंत जाऊन तिथे टिकू लागली.

लिथियमचा विषय काकांनी पुन्हा काढला, आणि आता तो काढण्यात अर्थ होता. या बॅटऱ्या हा मोसम काढतील, पुढचा काढतील असं वाटत नाही. लिथियम हलकी आहे, जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिला त्रास होत नाही. पण शून्य अंशाखाली तिला भरायचं नसतं. क्वार्ट्झसाइटला तो प्रश्न फारसा येणार नाही. त्यांचा पुढचा बेत मात्र फ्लॅगस्टाफचा, जे 2100 मीटर उंचीवर आहे आणि जिथे वसंतातही बर्फ पडतं. ट्रेलरच्या दांडीवर उघड्यावर ठेवलेली लिथियम तिथे सकाळी गोठलेली असेल आणि ऊन वर आल्यावर कंट्रोलर ती भरू पाहील. म्हणून आधी बॅटरीची जागा आत, पलंगाखालच्या कप्प्यात करायची, तिथपर्यंत जाड तारा ओढायच्या, कन्व्हर्टर लिथियमला चालणारा आहे का ते पाहायचं, आणि मग बॅटरी. किती घ्यायची ते आता अंदाजाने ठरवावं लागणार नाही. रात्रीचे 55, दिवसाचे 20 आणि ढगाळ दिवसाची उणीव धरली तर 200 अँपिअर-तास पुरे. दुकानदाराने काकांना 400 सांगितले होते.